तेल लावलेले फोन

प्रॉफेट ओबादाया चितालू यांनी डोळे मिटले की मुकुबा हिल या खाणगावातली चारशे माणसं श्वास रोखून धरत. जागा खाणीच्या जुन्या गोदामाची. खाण बंद पडली, तांबं न्यायला येणारे ट्रक थांबले आणि रिकाम्या गोदामात 'जिवंत झरा' नावाचं चर्च उभं राहिलं. डोक्यावरचा पत्रा असा तापे की बायका गाता गाता पुठ्ठ्याने वारा घेत. पण प्रॉफेटनी डोळे मिटले की पुठ्ठेही थांबत.

"तीन," प्रॉफेट म्हणाले. "मला तीन दिसतो. त्याच्या शेजारी अजून एक तीन. देवदूताचं बोट हळूहळू सरकतंय. कुणाच्या फोनचा नंबर तीन-तीननं संपतो?"

कोळसा विकणारा एक म्हातारा उभा राहिला. प्रॉफेटनी त्याचा अख्खा नंबर पहिल्या आकड्यापासून म्हणून दाखवला. वर सांगितलं, की तुझा भाऊ छपराच्या खर्चावरून तुझ्याशी भांडलाय. म्हातारा रडू लागला. माणसं टाळ्या पिटून नाचली. ज्याचा नंबर त्यालाच पुन्हा ऐकवून देवदूतानं काय साधलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मागच्या बाकावर एक्सिल्डा बसली होती. दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीत ती बावीस वर्षं काम करत होती. गोळ्या मोजून द्यायच्या आणि कशा घ्यायच्या ते तीन-तीनदा सांगायचं. नवरा वारला होता, मूल नव्हतं. चर्चमध्ये ती फारशी फिरकत नसे. आज आली होती ती धाकट्या बहिणीसाठी. म्विला गाणाऱ्या बायकांत पहिल्या रांगेत उभी होती आणि आदल्या दिवशी हळूच म्हणाली होती, "ये ना याया, माझं इथलं शेवटचं गाणं असेल." याया म्हणजे थोरली बहीण. म्विला तिला दुसऱ्या नावानं कधी हाक मारत नसे.

शेवटचं, कारण म्विला निघून जाणार होती. खाणीतली नोकरी गेल्यापासून तिचा नवरा बोर्नफेस हात उगारू लागला होता. एकदा त्यानं तिचं मनगट मोडलं होतं. आता तो चर्चमध्ये स्वयंसेवकांचा म्होरक्या होता, पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवायचा. म्विलाला दूर सोलवेझीकडे नर्सिंगच्या शाळेत प्रवेश मिळाला होता. दोन्ही मुलांना घेऊन ती जाणार होती. कागद आणि कपडे भरलेली बॅग एक्सिल्डाच्या घरी ठेवली होती. हे जगात दोघींनाच ठाऊक होतं.

प्रॉफेटनी पुन्हा डोळे मिटले.

"मला एक तपकिरी बॅग दिसते," ते म्हणाले. "एका विधवेच्या घरात, पलंगाखाली. बॅगेत कागद आहेत. ज्या बाईची बॅग आहे ती आत्ता या छपराखाली देवाचं गाणं म्हणतेय आणि मनात पळून जायचं योजतेय. चौदा तारखेची बस. नवऱ्याची लेकरं घेऊन पश्चिमेला. मुली, तू सांगतेस की मी तुझं नाव घेऊ?"

म्विला उभ्या जागी गुडघ्यांवर बसली. तिनं सगळं कबूल केलं. बोर्नफेस चार माणसं घेऊन गेला आणि अर्ध्या तासात एक्सिल्डाच्या पलंगाखालची बॅग आणून त्यानं वेदीपुढे ठेवली. लोक भारावून गेले होते. प्रॉफेटनी म्विलाच्या डोक्यावर हात ठेवला, एक संसार वाचला असं जाहीर केलं, आणि बॅग देवाच्या ताब्यात, म्हणजे आपल्या कपाटात ठेवून घेतली.

एक्सिल्डा घरी आली. ती कुणाला बोलली नव्हती. म्विला तर मरण आलं तरी बोलली नसती. मग कळलं कसं? गोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्या त्या बाईनं पलंगाखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि तिला भीती वाटली, खरोखरीची भीती. सोमवारी तिनं बावीस वर्षांत पहिल्यांदा गोळ्या चुकीच्या मोजल्या.

मंगळवारी म्विला धाकट्याचं वजन करायला दवाखान्यात आली. एक हात बरगडीवर दाबून चालत होती. एक्सिल्डानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. झोळीच्या काट्याला मूल लोंबकळत होतं, तेव्हा एक्सिल्डा एवढंच म्हणाली की अजून दिवस आहेत, काहीतरी करू.

"काय करणार याया?" म्विला म्हणाली. "बोर्नफेसनं अडवलं असतं तर मी खिडकीतून गेले असते. पण देवच म्हणाला जाऊ नको. देवापासून पळून मी कुठं जाऊ?"

ती गेल्यावर एक्सिल्डा आतल्या खोलीत औषधांच्या खोक्यावर बसून राहिली. मनाला चाळा म्हणून तिनं बहिणीचे जुने मेसेज वाचायला घेतले. बस, बॅग, मुलांचे बूट. एका मेसेजपाशी ती थांबली. म्विलानं लिहिलं होतं: "चौदा तारखेची बस, नक्की."

बस चोवीसची होती. शाळा सव्वीसला सुरू होणार होती. म्विलाचा अंगठा चुकला होता. त्याच दुपारी दोघी बाजारात भेटल्या तेव्हा एक्सिल्डानं तिला चिडवलं होतं, की दहा दिवस आधी जाऊन काय शाळा झाडणार आहेस का. आणि दोघी हसल्या होत्या. चूक तोंडी दुरुस्त झाली. फोनमध्ये ती तशीच राहिली.

प्रॉफेट चौदाच म्हणाले होते.

ती ताडकन उठली. देवाला तारीख चुकीची कळली होती, आणि म्विलाच्या अंगठ्यानं केली होती नेमकी तीच चूक त्यालाही झाली होती. प्रॉफेटनी दोघींची मनं वाचली असती तर त्यांना चोवीस दिसली असती. त्यांनी वाचला होता मेसेज.

एकदा धागा हाती लागल्यावर बाकीचं उलगडायला वेळ लागला नाही. जूनमधल्या पहिल्या रविवारी 'जिवंत झऱ्या'त फोनांचा अभिषेक झाला होता. प्रत्येकानं आपल्या नावाची चिठ्ठी लावून फोन टोपलीत टाकायचा आणि कुलूप उघडं ठेवायचं, नाहीतर आशीर्वाद आत कसा शिरणार? टोपल्या मागच्या खोलीत गेल्या. तीन तासांनी फोन परत आले, प्रत्येकाच्या काचेवर तेलाचं बोट. लोकांनी ते तेल कित्येक दिवस पुसलं नव्हतं. एक्सिल्डाचा फोन त्या दिवशी घरी होता.

बाजारात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बा सिचोनेंकडे ती गेली. नावाआधी 'बा' लावायचं, मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायची नाही, ही तिकडची रीत. बा सिचोने खाणीत वीजतंत्री होते. आता पत्र्याच्या टपरीत बसून, डोळ्याला भिंग लावून, ते दिवसभर फुटक्या काचा बदलत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंग काढून ठेवलं. मग म्हणाले की असं करता येतं. उघडा फोन पाच मिनिटं हातात मिळाला की आत एक अ‍ॅप बसवायचं, त्याचं चित्र पडद्यावरून लपवायचं. मग त्या फोनवरचा प्रत्येक मेसेज, प्रत्येक फोटो, माणूस कुठं उभा आहे ते, कधीकधी खोलीतलं बोलणंसुद्धा, दुसऱ्या कुणाच्या तरी पडद्यावर जातं. फोनवाल्याला पत्ता नसतो. फार तर बॅटरी लवकर उतरते आणि नेटचं पॅक आठवड्याऐवजी तीन दिवसांत संपतं.

"पण बा एक्सिल्डा," ते म्हणाले, "हे लोकांना नुसतं सांगून उपयोग नाही. ते म्हणतील, प्रॉफेटला फोनची गरजच काय?"

म्हणून एक्सिल्डानं देवाची नाही, टोपलीची परीक्षा घ्यायचं ठरवलं. शुक्रवारी तिनं म्विलाला सार्वजनिक नळावर गाठलं. म्विलाचा फोन घरी चार्जिंगला लावलेला होता. तिनं हळू आवाजात सगळं समजावलं. म्विलाचा विश्वास बसेना, पण नको असंही ती म्हणाली नाही. घरी येऊन एक्सिल्डानं मेसेज पाठवला: "म्पिकाच्या बुपे मावशीनं कळवलंय, तुझ्या घरामागच्या पेरूखाली कुणीतरी काळं मडकं पुरलंय. तुझी भरभराट होऊ नये म्हणून. कुणाला बोलू नकोस."

म्पिकाला, त्या उत्तरेकडच्या गावी, त्यांची बुपे नावाची मावशी नव्हती. कुठंच नव्हती. पेरूचं झाड मात्र होतं.

रविवारी प्रॉफेटनी डोळे मिटले आणि त्यांना झाड दिसलं. झाडाखाली अंधार दिसला. अंधारात मातीचं काळं पोट दिसलं. उत्तरेकडच्या एका म्हाताऱ्या बाईचा आत्मा त्यांच्या कानाशी रडत होता, आणि तिचं नाव 'ब'वरून सुरू होत होतं. बाईचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी ढोल थांबवायला लावले. म्विलानं मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलं. एक्सिल्डानं आयुष्यात बहिणीच्या चेहऱ्याचं रूप असं पालटताना पाहिलं नव्हतं.

सगळं चर्च गात गात म्विलाच्या घरामागे गेलं. बोर्नफेसनं हातमोजे काढून कुदळ घेतली. चार घाव झाले, आणि मडकं निघालं.

एक्सिल्डा क्षणभर सुन्न झाली. मग तिला कळलं. मडकं तिनं फक्त लिहिलं होतं. पुरलं होतं दुसऱ्या कुणीतरी, शुक्रवार ते रविवारच्या मधे. वरची माती अजून भुसभुशीत होती. मडक्यात केसांचा गुंता, लाल मणी आणि कोंबडीचं हाड होतं. बायका मुलांना पोटाशी धरून मागे सरल्या. प्रॉफेट दोन्ही हात पसरून उभे होते.

एक्सिल्डा गर्दीतून पुढे आली आणि खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. आवाज चढवायची सवय तिला नव्हती. पेशंटला औषध समजावतात तसं तिनं सांगितलं, की ही बुपे मावशी जगात नाही. हे मडकंही नव्हतं. दोन्ही मी शुक्रवारी माझ्या स्वयंपाकघरात बसून रचलं आणि बहिणीच्या फोनवर पाठवलं. हा बघा मेसेज, ही वेळ. प्रॉफेटना आत्मा भेटला नाही, माझा मेसेज भेटला. आणि मडकं सापडावं म्हणून त्यांच्या माणसांनी ते आणून पुरलं. माती हातात घेऊन बघा, आठवड्यापूर्वीची तरी आहे का?

कुणीही माती हातात घेतली नाही. मग कोळसेवाला म्हातारा बोलला, अगदी शांतपणे.

"म्हणजे मडक्याचं तुला आधीपासून ठाऊक होतं," तो म्हणाला. "प्रॉफेटच्याही आधी."

गर्दीतून एक कुजबुज फिरली. पुरणाऱ्यालाच जागा माहीत असते, असं कुणीतरी म्हणालं. विधवा आहे, असं दुसरं कुणीतरी म्हणालं. गेल्या वर्षी ज्या बाईचं मूल दवाखान्यात दगावलं होतं ती एक्सिल्डाच्या हातांकडे टक लावून पाहू लागली. एक्सिल्डानं पुरावा म्हणून जे मांडलं, तेच तिच्या अंगावर उलटत होतं.

तेवढ्यात, एक्सिल्डानं आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे लॅपटॉप घेऊन आलेले बा सिचोने पुढे झाले. त्यांनी म्विलाकडे हात केला. म्विलानं बोर्नफेसकडे पाहिलं, आणि तरीही फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो केबलनं आपल्या लॅपटॉपला जोडला, पेरूच्या बुंध्याला टेकून बसले आणि सगळ्यांना दिसेल असा पडदा फिरवला. फोनमधल्या अ‍ॅपच्या यादीत 'सिस्टीम हेल्पर' असं एक साळसूद नाव होतं. फोनच्या पडद्यावर त्याचं चित्र नव्हतं; पण मेसेज वाचायची, माइक चालू करायची, ठिकाण कळवायची, सगळी परवानगी त्याला दिलेली होती. त्यांनी ते फोनमध्ये कधी आलं तेही वाचून दाखवलं: जूनचा पहिला रविवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं.

"त्या वेळी म्विलाचा फोन कुठं होता?" त्यांनी विचारलं. "आणि तुमचे कुठं होते?"

माणसं आपापल्या खिशांकडे बघू लागली. एका मुलीनं आपला फोन पुढे केला. त्यातही तेच नाव, वेळ दहा सत्तेचाळीस. कोळसेवाल्याच्या फोनमध्ये अकरा वाजून दोन मिनिटं. भाऊ छपराच्या खर्चावरून भांडतोय हे देवदूताला कुठून कळलं, ते म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. सहा फोन तपासले, सहाही फोनांत तेच सापडलं. एक्सिल्डाला वाटलं, झालं. आता संपलं.

पण बोर्नफेस पुढे आला. त्याला लाज वाटत नव्हती.

"त्यात चोरी कसली?" तो म्हणाला. "प्रॉफेटनी आम्हा नवऱ्यांना विचारूनच केलं. म्विलाचं सगळं माझ्याही फोनवर येतं. बायको माझी, फोन मी घेतलेला. ती कुठं जाते ते मला कळायला नको?"

एक्सिल्डानं गर्दीतल्या पुरुषांकडे पाहिलं. काहींनी मान खाली घातली. पण बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतंच. त्यांना जूनपासून ठाऊक होतं. आणि काही जण असे होते, ज्यांना आजवर ठाऊक नव्हतं आणि आता हे आपल्यालाही मिळेल का, असा विचार त्यांच्या डोळ्यांत दिसत होता.

प्रॉफेट ओबादाया चितालू तोवर सावरले होते. देव जुन्या काळी जळत्या झुडपातून बोलला, असं ते म्हणाले. आता माणसाच्या हातात झुडूप नसतं, फोन असतो. मेंढपाळानं कळपावर नजर ठेवली तर त्याला कुणी चोर म्हणतं का? पहिल्यांदा एकाच बाजूनं 'आमेन' आलं, मग दुसऱ्या बाजूनं. लोक पांगले तेव्हा प्रॉफेटना कुणी हात लावला नव्हता. एक्सिल्डाच्या पाठीवर मात्र मातीचं एक ढेकूळ येऊन फुटलं. कुणी मारलं ते तिनं वळून पाहिलं नाही.

चोवीस तारखेला अजून बारा दिवस होते. ती पोलीस ठाण्यात गेली. तिथला अधिकारी चांगला माणूस होता. त्यानं तिला पाणी दिलं, सगळं लिहून घेतलं आणि सांगितलं की तक्रार फोनच्या मालकानं करायला हवी. पावती बोर्नफेसच्या नावावर होती. म्विलाचे कागद परत मागायला ती चर्चमध्ये गेली, तर स्वयंसेवकांनी तिला दारातून आत सोडलं नाही. तिनं शाळेला पत्र लिहिलं. मूळ प्रमाणपत्रांशिवाय जागा ठेवता येत नाही, असं उत्तर आलं. ते आलं तेव्हा सत्तावीस तारीख होती.

दवाखान्याच्या खिडकीपुढची रांग आखूड होत गेली. काही बायका तिच्या हातून गोळ्या घेईनात. इथं दुसरं कुणी कधी बसेल, असं विचारून परत जात. त्यातल्या दोघींची औषधं एक दिवसही चुकवण्यासारखी नव्हती. एक्सिल्डानं त्यांच्या पुड्या एका नर्सच्या हातून पाठवायला सुरुवात केली. 'जिवंत झऱ्या'त आता अभिषेकाचं नाव 'कुटुंबरक्षण सेवा' झालं होतं, आणि टोपल्या दोनाच्या चार झाल्या होत्या.

पुढच्या महिन्यात म्विला मुलाच्या वजनाला आली. फोन तिनं बाहेरच्या खोलीत घोंगड्यांच्या ढिगाखाली ठेवला आणि मग आत आली. एक्सिल्डा म्हणाली की बा सिचोने ते अ‍ॅप पाच मिनिटांत काढून टाकतील, एक शब्दही न बोलता.

"काढलं तर त्याला लगेच कळेल," म्विला म्हणाली. "राहू दे. मला आता ठाऊक आहे ना, तेवढं पुरे."

तिनं मुलाला झोळीतून काढून पाठीवर घेतलं, चितेंग्याची, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या कापडाची, गाठ छातीवर घट्ट आवळली आणि दाराशी थांबली.

"तू म्हणालीस ते खरं होतं याया. तो देव नव्हता," ती म्हणाली. "पण तेव्हा निदान असं वाटायचं, की वर कुणीतरी आहे आणि त्याला माझं सगळं माहीत आहे. आता फक्त बोर्नफेसला माहीत आहे."

ती गेल्यावर एक्सिल्डानं खिडकी बंद केली. त्या संध्याकाळी तिनं एक मोठा कागद घेतला आणि दवाखान्याच्या भिंतीवर लावण्यासाठी ठळक अक्षरांत लिहिलं. कुणी तुमच्या मनातलं ओळखलं तर गुडघ्यांवर बसायची घाई करू नका. त्याला ते दुसरीकडून कुठून कळू शकलं असतं, हे आधी स्वतःला विचारा. तुमचा फोन उघडा करून कुणाच्या हातात दिला होता, ते आठवा. त्याला खोटी गोष्ट कळू द्या आणि ती त्याला 'दिसते' का ते बघा. अ‍ॅप काढण्याआधी दोनदा विचार करा. ते कुणी बसवलं आणि काढल्यावर तो काय करेल, याचा अंदाज घ्या. आणि महत्त्वाचं काही बोलायचं असेल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, माणसाशी तोंडानं बोला.

कागद दुसऱ्या दिवशी कुणीतरी फाडला. तिनं नवा लावला. तोही फाडला गेला. आता ती दर सोमवारी नवा लिहिते. कुणी थांबून वाचतं की नाही, हे खिडकीतून दिसत नाही.

रविवारी संध्याकाळी म्विलाचा फोन येतो. मक्याच्या पिठाची न्शिमा कशाशी खाल्ली, धाकट्याला दात आले, गाण्याच्या तालमी छान चालल्यात, बोर्नफेस बरा आहे. एक्सिल्डाही सांगते, इकडे सगळं ठीक आहे. दोघी एकमेकींना विचारतात आणि दोघी खोटं सांगतात, सावकाश, स्पष्ट आवाजात, ऐकणाऱ्याला एकेक शब्द नीट ऐकू जाईल असं.